शी-शूचा मुहूर्त कोण काढणार?



आज विषय जरा मोरीतला आहे. नाक मुरडू नका. ज्या घरात दोन-अडीच वर्षांचं लेकरू आहे तिथे हा विषय देवदर्शनाइतकाच रोजचा असतो. आणि त्यावरून एका आईला जितकं ऐकून घ्यावं लागतं तितकं आमटी खारट झाल्यावरही लागत नाही. हळदीकुंकू असो, कुणाचं बारसं असो, नाहीतर मंदिरातली स्वाध्यायाची बैठक असो, कडेवर मूल दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला : "अजून सांगत नाही का गं?" आणि त्याला जोडूनच दुसरं वाक्य : "आमची तर वर्षाची असतानाच सांगायची!"

माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. आणि त्या वाक्याच्या धाकाने दीड वर्षाच्या पोराला अर्धा-अर्धा तास पॉटीवर बसवून ठेवणाऱ्या आपल्या घाईशीही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मूल शी-शू सांगायला कधी शिकणार हे त्याच्या शरीराची आणि समजेची तयारी ठरवते. सासूबाईंची आठवण, प्लेस्कूलचा फॉर्म आणि शेजारच्या मुलीचं वय, यांपैकी कशालाही ते ठरवायचा अधिकार नाही. आपलं काम एवढंच की ती तयारी ओळखायची, आणि ओळखल्यावर मात्र आळस करायचा नाही. हे काम सोपं नाही, कारण त्यासाठी घड्याळ आणि कॅलेंडर बाजूला ठेवून मुलाकडे बघावं लागतं.

आज्ज्यांचं खरं आणि आज्ज्यांचं विसरलेलं

आज्ज्यांशी माझं भांडण प्रेमाचं आहे. त्यांची रीत मी पाहिली आहे. बाळ झोपेतून उठलं की दोन्ही पावलांवर बसवायचं, तोंडाने "शूऽऽ" असा आवाज काढायचा, दूध पाजल्यावर पुन्हा एकदा. खाली वर्तमानपत्राचा कागद, नाहीतर मोरीचा काठ. पाच-सहा महिन्यांची बाळंही त्या आवाजाला शू करायची. ही काही थाप नाही. वेळ, बसण्याची पद्धत आणि आवाज या तिन्हींची बाळाला सवय लागते. घरात हात असतील तर आजही ही रीत चांगलीच आहे, दुपटी वाचतात आणि बाळाची कातडीही कोरडी राहते.

पण इथे शिकलं कोण? शिकली ती आज्जी! बाळाच्या चेहऱ्यावरून, चुळबुळीवरून, वेळेवरून तिला कळायचं. बाळ "सांगत" नव्हतं, आज्जी ओळखत होती. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण वेगळ्या. आज ती आज्जी सांगलीला, सून पुण्याच्या फ्लॅटमध्ये, आणि फोनवर मात्र हिशोब सुनेकडे मागायचा, हे काही बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट आज्ज्या विसरतात. तेव्हाचं वर्षाचं पोर अंगात नुसता सदरा घालून घरभर फिरायचं. खाली शहाबादी फरशी, नाहीतर सारवलेली जमीन. शू झाली की जी जवळ असेल ती आत्या, काकू किंवा थोरली बहीण फडकं टाकून पुसायची आणि पुन्हा कामाला लागायची. किती वेळा पुसलं याची मोजदाद कुणी ठेवली? आज तीच शू सोफ्यावर, गादीवर, गालिच्यावर होते, पुसणारी एकटी आई असते, म्हणून ती मोजली जाते. तेव्हाची मुलं हुशार आणि आताची मंद असं काही नाही. तेव्हा फरशी पुसणं सोपं होतं, एवढंच.

शरीर काय म्हणतं

तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की ते आपोआप रिकामं होतं. त्यात बाळाची इच्छा नसते. भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचणं, थोडा वेळ धरून ठेवणं आणि योग्य जागी गेल्यावर आपणहून सोडणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सर्वसाधारणपणे दीड वर्षानंतर त्या हळूहळू जमायला लागतात, आणि प्रत्येक मुलात त्यांचा वेग वेगळा असतो. दात उशिरा आले म्हणून आपण मुलाला रागावतो का? चालायला चौदा महिने लागले म्हणून त्याला चारचौघांत लाजवतो का? मग इथेच का?

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आपल्याकडे येणाऱ्या ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आई-वडिलांना त्यांनी सांगितलं होतं की मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबा, जबरदस्ती करू नका. त्या मुलांचं दिवसाचं शिकून व्हायला सरासरी साडेअठ्ठावीस महिने लागले, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं पूर्ण व्हायला आली तेव्हा. सरासरी याचा अर्थ कित्येक त्याच्या आधी आणि कित्येक नंतर. मुली मुलग्यांपेक्षा दोन-तीन महिने आधी शिकल्या. म्हणजे जावेच्या मुलीची तुलना तुमच्या मुलाशी करणं इथेच चुकलं.

दुसरा अभ्यास २००३ मधला, फिलाडेल्फिया भागातला. त्यात दिसलं ते असं की २७ महिन्यांच्या आधी नेटाने शिकवायला घेतलेली मुलं लवकर शिकून मोकळी झाली नाहीत, फक्त शिकवणं जास्त दिवस चाललं. लवकर सुरुवात केल्याने काही दुखणं मागे लागलं असंही त्यात दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मग मला सांगा, सहा महिने आधी सुरू करून त्याच सुमाराला पोहोचायचं असेल, तर ते सहा महिने आईने कशासाठी घालवायचे? नुसतं "आमचा सांगतो" म्हणता यावं म्हणून?

तयारी ओळखायची कशी

आता कामाचं. या खुणा वहीत लिहून फ्रिजवर लावा, आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तर तिलाही दाखवा.

पहिली खूण : मूल सलग दोन तास कोरडं राहतं, किंवा दुपारच्या झोपेतून कधीकधी कोरडं उठतं. म्हणजे मूत्राशय साठवायला लागलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडीथोडी शू होत असेल तर अजून वेळ आहे.

दुसरी : शीची वेळ साधारण ठरलेली आहे. आणि ती मऊ होते, कुंथावं लागत नाही.

तिसरी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शी येते तेव्हा मूल खेळ सोडून पडद्यामागे, सोफ्याच्या कोपऱ्यात, टेबलाखाली जाऊन उभं राहतं. चेहरा लाल, नजर एकटक. आपण हसतो, फोटो काढतो. पण हे पोर आपल्याला सांगतंय की "मला आधी कळलं." ही जाणीव आली की निम्मं काम झालं.

याच्या जोडीला त्याचं बोलणं ऐका. आधी ते झाल्यावर सांगेल : "शू केली." काही आठवड्यांनी होत असताना थांबून खाली बघेल. आणि मग एक दिवस आधी सांगेल : "शू येतेय." भूतकाळ, वर्तमानकाळ आणि मग भविष्यकाळ, या क्रमाने मुलं शिकतात. "झाल्यावर काय सांगतोस, आधी सांगायला काय झालं?" असं म्हणून त्याला रागावणं म्हणजे पहिलीतल्या मुलाला सातवीचा पेपर दिल्यासारखं आहे. झाल्यावर सांगितलं तरी "बरं झालं सांगितलंस" म्हणा. ती पहिली पायरी आहे.

चौथी : नीट चालतं, आधाराशिवाय बसून उठतं, इलॅस्टिकची चड्डी स्वतः खाली ओढायचा प्रयत्न करतं.

पाचवी : दोन गोष्टींची सूचना कळते. "तुझा बूट आण आणि बाबांना दे" म्हटलं तर आणून देतं.

सहावी : शी-शूसाठी त्याच्याकडे कोणता तरी शब्द आहे. शब्द कोणताही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आई "शू" म्हणते, बाबा "सुसू" आणि शिकवणारी ताई तिसरंच काही, असं झालं की पोर गोंधळतं.

सातवी : ओलं झालेलं आवडत नाही. ओढतं, काढायला लावतं.

आठवी : आपल्या मागे मागे मोरीत येतं, मोठे काय करतात ते बघतं, "मी मी" करतं. याउलट प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणण्याचा काळ जोरात चालू असेल तर महिनाभर थांबलेलं बरं. त्या काळात पॉटीसुद्धा भांडणाची जागा होते, आणि या भांडणात मूलच जिंकतं. कारण शरीर त्याचं आहे.

सगळ्या आठ खुणा दिसायलाच हव्यात असं नाही. पाच-सहा दिसल्या की सुरू करा. एक-दोनच दिसत असतील तर थांबा. मूल दीड वर्षाचं असो की पावणेतीनचं.

प्लेस्कूलचा फॉर्म

आता दुसरं भांडण, आणि हे प्रेमाचं नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षणाचा पायाभूत टप्पा तीन वर्षांपासून धरला आहे, पहिलीचं वय सहा. अंगणवाडीतलं पूर्वशिक्षणही तीन ते सहा वयाचं. तरी आपण दोन वर्षांच्या मुलांना दप्तर लावतो. लावा, कुणाची नोकरी असते, कुणाला घरात हात नसतात, त्याला माझी हरकत नाही. पण ज्यांनी दोन वर्षांची मुलं सांभाळायची म्हणून फी घ्यायची, त्यांनीच फॉर्मवर लिहायचं की "मूल टॉयलेट ट्रेन्ड असावे"? दोन वर्षांचं मूल हवं, पण ते दोन वर्षांच्या मुलासारखं नको! आणि आपणही त्या एका ओळीपायी जूनच्या आधी मे महिन्यात लेकराच्या मागे लागतो.

आमच्या नात्यातली एक गोष्ट सांगते. नणंदेची मुलगी दोन वर्षं दोन महिन्यांची असताना प्लेस्कूलला जायला लागली. खुणा एक-दोनच होत्या, पण डायपर चालणार नाही म्हणून सांगितलेलं. पहिल्याच आठवड्यात तिला वर्गात शी झाली. सगळ्या मुलांसमोर उभं करून कपडे बदलले, आणि कुणीतरी "शेम शेम" म्हटलं. बाकीच्या मुलांनीही टाळ्या पिटून तेच म्हटलं. दोन वर्षांची पोर, तिला काय कळतं, असं आपल्याला वाटतं. तिला एवढंच कळलं की शी झाली की सगळे हसतात. म्हणून तिने शी करणंच बंद केलं.

आधी दोन दिवस, मग चार दिवस. पाय आवळून, टाचा उचलून भिंतीला धरून उभी राहायची. घरच्यांना वाटायचं जोर लावतेय, पण ती धरून ठेवत होती. शी आत राहिली की कडक होते, कडक झाली की बाहेर येताना दुखते, दुखली की मूल आणखी धरून ठेवतं. आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि मग शी आल्याची जाणीवच बोथट होते. पुढे तर तिच्या चड्डीला सारखी पातळ शी लागायला लागली. घरात सगळे म्हणाले, पोट बिघडलं. जायफळ उगाळून दिलं, दूध बंद केलं. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं की हे जुलाब नाहीत. आत कडक गोळा अडकला आहे आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते आहे. जायफळाने ते आणखी आवळलं होतं. त्यानंतर जवळजवळ आठ महिने औषध चाललं. पॉटीचं नाव काढलं की ती मुलगी किंचाळायची. तीन महिने थांबलं असतं तर त्यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून सख्यांनो, प्रवेश घेताना भिंतीवरची कार्टून बघू नका. शाळेचं संडास बघा. सीट लहान मुलांची आहे का, की मोठ्या भांड्यावर पोराला लटकायला लावतात? किती मुलांमागे एक मावशी आहे? मुलाने मागितलं की लगेच नेतात, की ठरलेल्या वेळीच? कपडे ओले झाले तर काय करतात आणि काय म्हणतात? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरी जागा शोधा. आणि चार आयांनी मिळून विचारलं तर फॉर्मवरची ओळही बदलू शकते. फी आपण देतो, हे आपणच विसरतो.

"शेम शेम" आणि आपली भाषा समिती

आता थोडं घरचं बोलते. आपण पाच समित्या लहानपणापासून पाठ केल्या आहेत : ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि प्रतिष्ठापना. पाचवी समिती ही मलमूत्र कुठे आणि कसं टाकायचं याचीच आहे. कुठल्या जिवाला त्रास होऊ नये म्हणून साधू-साध्वी जागा बघून, शोधून ही गोष्ट करतात. म्हणजे ज्या गोष्टीला आपण "छी" म्हणून तोंड फिरवतो, तिला आपल्या परंपरेने महाव्रतींच्या आचारात जागा दिली आहे. त्यात सावधपणा सांगितला आहे, किळस सांगितलेली नाही.

आणि दुसरी समिती भाषेची. मुंगी चिरडू नये म्हणून आपण झाडू हलक्या हाताने मारतो, पाणी गाळून घेतो, आणि त्याच घरात दोन वर्षांच्या जिवाला पाहुण्यांसमोर "घाणेरडा", "मोठा झाला तरी शू करतो" म्हणतो. हातावर चापट मारतो. चटका द्यायची भीती घालतो. ही हिंसा नाही तर काय आहे? श्रावकाची अहिंसा ताटापाशी संपत नाही. साध्वी होणं आपल्या हातात नसेल, पण जीभ आवरणं नक्की आहे.

दुसरं टोक

आता कुणी खूश होऊन म्हणेल, "बघा, ती म्हणते थांबा. मग डायपर आहेच!" नाही बाई. मी तसं म्हटलेलं नाही.

वापरून फेकायच्या डायपरने आयांची झोप वाचवली, प्रवास सोपा केला, मी त्याला नावं ठेवत नाही. पण चोवीस तास डायपरमध्ये असलेल्या मुलाला ओलं झालेलं कळतच नाही. शू शोषली जाते, पाय कोरडे, खेळ चालू. मग सातवी खूण दिसणार कुठून? मी वाट बघते आहे असं म्हणायचं आणि ज्या गोष्टीची वाट बघायची तिलाच झाकून ठेवायचं, याला वाट बघणं म्हणत नाहीत. दीड वर्षानंतर घरात असताना रोज काही तास तरी सुती चड्डी घाला. शू पायावरून ओघळू दे, त्याला खाली बघू दे. फरशी पुसायची तयारी ठेवा. आणि पुसायला बाळाच्या बाबांनाही बोलवा. पोर दोघांचं आहे, फडकं एकटीचं का?

तयारी दिसत असूनही "शाळेत शिकेल", "आपोआप होईल" म्हणून चार वर्षांपर्यंत ढकलणं हेही तितकंच चूक. थांबायचं ते खुणा दिसेपर्यंत. आपल्याला सवड मिळेपर्यंत नाही.

खुणा दिसल्या, आता काय?

दिवस निवडा. घरात लग्न, प्रवास किंवा घर बदलणं नसलेले दोन-तीन आठवडे हवेत. धाकटं भावंड नुकतंच आलं असेल तर थोडं थांबा. दशलक्षणात स्वतः उपवास धरून हा कार्यक्रम सुरू करू नका, उपाशी पोटी सहाव्यांदा फरशी पुसताना क्षमा धर्म आठवणं कठीण जातं. आणि कोल्हापूरकडच्या आषाढातही नको, चड्ड्या वाळणार कुठे? उन्हाळा सगळ्यांत बरा.

छोटी पॉटी जमिनीवर ठेवली की पाय टेकतात, ते उत्तम. कमोडवर बसवणार असाल तर लहान सीट लावा आणि पायाखाली पाट द्या. लटकत्या पायांनी शीला जोर लागत नाही, आणि पडायची भीती वाटते ती वेगळीच. भारतीय संडासाचं भांडं लहान पावलांना फार रुंद पडतं, तिथे सुरुवातीला हात धरून उभं राहा.

सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि झोपायच्या आधी बसवा. चार-पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. झाली तर शाबासकी, नाही झाली तर "बरं, मग बघू" म्हणून उठवा. चॉकलेटची लाच आणि मोबाइलचं आमिष नको, मग ते पॉटीवर मोबाइलसाठीच बसतं. नाडीची, बटणांची चड्डी कपाटात ठेवून द्या. दोन आठवड्यांत काहीच जमलं नाही आणि मूल रडून उठत असेल, तर मुकाट्याने बंद करा आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बघा. ही हार नाही.

पोट साफ राहणं तर आधी हवं. आपल्याकडे कंदमुळं नाहीत, अंजीर चालत नाही, चातुर्मासात कित्येक घरांत पालेभाजीही बंद असते. मग चोथा कुठून येणार? भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, दुधी, भोपळा, सालीची मूगडाळ, तूप लावलेली मऊ ज्वारीची भाकरी आणि दिवसभर उकळून गार केलेलं पाणी. दूध पोटभर पाजून जेवण चुकवू नका.

रात्रीचं मात्र पूर्ण वेगळं धरा. दिवसा सांगणारं मूल रात्री अंथरूण ओलं करतं म्हणून त्याला आळशी म्हणू नका. झोपेत शू कमी तयार होणं आणि भरल्यावर जाग येणं हे शरीराचं काम आहे, ते शिकवून येत नाही. पाच वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, आणि बहुतेकांचं पुढे आपसूक थांबतं. आई किंवा बाबा लहानपणी ओलं करत असतील तर मुलात हे जास्त दिसतं, तेव्हा रागावण्याआधी आपल्या आईला एक फोन करून बघा.

डॉक्टरांकडे कधी जायचं? शी तीन-चार दिवसांनी आणि कडक होत असेल, तिच्यासोबत रक्त दिसत असेल, शू करताना मूल रडत असेल, शूसोबत ताप असेल, चार वर्षं पूर्ण होऊनही दिवसा काहीच जमत नसेल, किंवा कित्येक महिने कोरडं राहणारं मूल अचानक सारखं पाणी मागत सारखी शू करायला लागलं असेल, तर वाट बघू नका. या शेवटच्या गोष्टीला तर एक दिवसही लावू नका.

आणि मंदिर

शेवटचा वाद आपल्या घरातलाच. "डायपर घालून मूल मंदिरात आणलं!" हे कुजबुजणं मी कानांनी ऐकलं आहे. त्या कुजबुजीमुळे कित्येक तरुण आया दोन-दोन वर्षं दर्शनाला येत नाहीत, किंवा मूल तयार नसताना त्याच्या मागे लागतात. शुद्धीचा नियम मला मान्य आहे. अभिषेकाच्या वेळी लहान मूल गाभाऱ्यापासून लांब ठेवावं, निघताना ताजं डायपर घालावं, खराब झालं तर लगेच बाहेर न्यावं. एवढं पाळलं तर सभामंडपात आईच्या मांडीवर बसलेल्या लेकराने कुणाची शुद्धी बाटत नाही. ज्यांना ते लेकरू खुपतं, त्यांनी त्या आईला दर्शन होईपर्यंत पाच मिनिटं ते मूल धरायला घ्यावं. तेही वैयावृत्त्यच आहे.

पुढच्या वेळी हळदीकुंकवाला एखादी विचारेल, "अजून सांगत नाही का गं?" तेव्हा खाली बघू नका. सरळ सांगा, "काकू, आठातल्या चार खुणा दिसल्यात. पाचवीची वाट बघतेय." आणि वाण घेऊन पुढे व्हा.

जय जिनेंद्र.